भूगोल-विज्ञानाच्या सर-मॅडमना खुलं पत्र: ते पांढरं अस्वल जरा बाजूला ठेवा

सर, मॅडम, नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका शाळेला नाहीये. जिथे जिथे हवामान बदलाचा धडा शिकवला जातो तिथल्या सगळ्यांना आहे, आणि जे सिलॅबस ठरवतात त्यांनाही, त्यांनी वाचलं तर. मी शिक्षक नाही, पालक आहे. त्यामुळे वर्गात चाळीस-पन्नास पोरं सांभाळून पोर्शन संपवणं काय असतं ते मला बाहेरूनच माहितीये, तेवढं समजून घ्या. पण गेल्या परीक्षेचा मुलीचा पेपर हातात आला आणि राहवेना. (वरचं अस्वल म्हणजे या धड्याच्या सुरुवातीला असतं ते बर्फावरचं चित्र, त्याच्यावर पुढे येतोच.)

प्रश्न होता, जागतिक तापमानवाढीचं कारण लिहा. मुलीने लिहिलेलं, धुरामुळे ओझोनच्या थराला भोक पडले, त्यातून सूर्याची जास्त उष्णता आत येऊ लागली म्हणून पृथ्वी तापू लागली. पूर्ण मार्क. बाजूला लाल पेनने मस्त बरोबरची खूण.

उत्तर चूक आहे हो. आणि ही चूक तिची एकटीची नाही, मी स्वतः शाळेतून हेच शिकून बाहेर पडलो आणि कितीतरी वर्षं लोकांना ऐकवत होतो. ओझोनचा मामला वेगळा, तो थर सूर्याची घातक अतिनील किरणं अडवतो. जुन्या फ्रीजमधून, स्प्रेच्या डब्यांमधून जे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू सुटायचे त्यांनी तो थर पातळ केला, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, ते वायू हळूहळू बंद करत आणले आणि आता तो थर सावकाश भरून येतोय. पृथ्वी तापतेय ती जास्त ऊन आत येतंय म्हणून नाही, आत आलेली उष्णता बाहेर जाताना अडतेय म्हणून. दोन्हीत गोंधळ व्हायला एक कारणही आहे म्हणा, ते क्लोरोफ्लुरोकार्बन स्वतः उष्णता अडवणारे वायू पण आहेत, पण म्हणून भोकातून ऊन येतं असं होत नाही ना.

दुसरा घोळ आपल्या भाषेतच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पुस्तकात व्याख्या असते की हवा म्हणजे थोड्या वेळापुरती स्थिती आणि हवामान म्हणजे दीर्घकाळची सरासरी. छान. पण घरी टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात त्याला म्हणतात हवामानाचा अंदाज, आणि आपण 'काय हवामान बिघडलंय आज' म्हणतो. म्हणजे रोजच्या बोलण्यात हवामान हा शब्द नेमका त्या अर्थी वापरायचा जो पुस्तक म्हणतं की त्याचा नाही, आणि मग सहामाहीत पोरांना विचारायचं फरक स्पष्ट करा. त्यात कोणी वातावरण बदल म्हणतं, कोणी पर्यावरण बदल, कोणी ऋतुबदल. पोरं पाठ करतात, बिचारी दुसरं काय करणार. तर हा गोंधळ पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाका ना, की बाबांनो शब्द एकच आहे पण बोलताना एक अर्थ आणि शास्त्रात दुसरा, आणि शास्त्रातला अर्थ म्हणजे साधारण ३० वर्षांची सरासरी. जागतिक हवामान संघटनाच ३० वर्षं धरते, सध्या तुलनेला १९९१ ते २०२० चा काळ वापरतात. एकदा ३० हा आकडा डोक्यात बसला की 'काल एवढी थंडी पडली मग कुठेय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग' हा प्रश्न पोरं स्वतःच निकालात काढतात. उलट बाजूनेही, एका उन्हाळ्यात घाम निघाला म्हणून 'बघा हवामान बदललं' असं म्हणणंही बंद होतं. २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या, म्हणजे तापमानवाढ मोजायला सुरुवातीचा धरतात त्या काळाच्या सरासरीपेक्षा साधारण १.५५ अंशांनी गरम गेलं, पण म्हणून तापमानवाढ रोखायला देशांनी केलेल्या पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा मोडली असं लगेच म्हणत नाहीत, कारण ती मर्यादा एका वर्षाची नाही, बऱ्याच वर्षांच्या सरासरीची आहे. हे एवढं उदाहरण दिलं तरी पुरे.

आता बाटलीचा प्रयोग. तुम्हाला माहितीच असेल, दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या, एकीत व्हिनेगर आणि खायचा सोडा टाकून कार्बन डायऑक्साइड भरायचा, दुसरीत साधी हवा, वरून बल्ब, आत थर्मामीटर. कार्बनवाली बाटली एखाद-दोन अंश जास्त तापते, टाळ्या, प्रोजेक्ट सबमिट. आम्ही पण घरी केला, फोटो काढून चिकटवले, मी तर फारच खूश होतो. नंतर कधीतरी वाचताना कळलं की त्या बाटलीत आर्गॉन भरला तरी तसंच होतं! आणि आर्गॉन तर उष्णता अडवणाऱ्या वायूंमध्ये येतच नाही. म्हणजे बाटलीत जे होतंय ते मुख्यतः जड वायू असल्यामुळे आतली हवा नीट फिरत नाही, उष्णता वर निघून जात नाही, म्हणून. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. मला फार वाईट वाटलं ते वाचून, कारण एवढी मेहनत करून आम्ही पोरीला चुकीचं भौतिकशास्त्र शिकवलं होतं.

उष्णता अडवणाऱ्या वायूंना 'हरितगृह वायू' म्हणतात, त्यातल्या 'हरितगृह' शब्दाचंही तेच. काचेचं घर तापतं ते बरंचसं आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून, आकाशातला कार्बन डायऑक्साइड तसं करत नाही. तो सूर्याचा दिसणारा उजेड सरळ आत येऊ देतो, जमीन तापून जी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं सोडते ती शोषतो आणि सगळ्या दिशांना परत सोडतो, त्यातली काही खाली येतात. एवढंच सांगायचंय खरं तर. त्यापेक्षा मला वाटतं गोष्ट सांगा. युनिस फूट नावाच्या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि लिहून ठेवलं की कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण हवेत जास्त असतं तर पृथ्वी जास्त तापली असती. तो निबंध सभेत त्यांनी स्वतः नाही वाचला, जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञांनी वाचून दाखवला. फूट बाईंच्या प्रयोगातही सूर्याची उष्णता आणि जमिनीकडून निघणारी उष्णता वेगळी काढता येत नव्हती, ते तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी काढून दाखवलं. मग १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल त्याचं गणित करून मोकळे झाले, उत्तर आजच्या मानाने जरा जास्त आलं पण दिशा बरोबर. पोरांना हे कळू द्या की हे काल-परवाचं फॅड नाही, कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचं शास्त्र आहे. आणि बाटलीचा प्रयोग करायचाच असेल तर करा, पण शेवटी सांगा की हा प्रयोग का फसवा आहे. ते सांगण्यात जितकं विज्ञान आहे तितकं प्रयोगात नाही.

मुलीने वर्गात एक प्रश्न विचारला होता, सूर्यच जास्त तापला असेल तर? उत्तर मिळालं, हे परीक्षेला नाहीये. आता एवढा सुंदर प्रश्न! सूर्यामुळे तापत असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळं तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर म्हणतात तो, थंड झालाय. उष्णता खालीच अडली तर असंच व्हायला पाहिजे, आणि स्युकुरो मानाबे या शास्त्रज्ञांनी हे १९६७ मध्येच गणिताने दाखवलं होतं, त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पाच मिनिटांचं उत्तर आहे हे. परीक्षेला नसू दे.

बरं, आता मुख्य मुद्द्यावर येतो, अस्वलाच्या. धडा उघडला की पहिलं चित्र तेच, बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल. माझं त्या अस्वलाशी वैर नाही. पण ज्या पोराने आयुष्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलाय त्याला त्या चित्रातून काय कळतं? की हे काहीतरी लांब कुठेतरी, दुसऱ्या कोणाला तरी होतंय. आणि मग खाली एक ओळ, 'स्थानिक पातळीवरही याचे परिणाम दिसून येतात'. कुठले? कसे दिसतात? कोणी मोजले? धडा संपला.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात पोराच्या शाळेच्या आवारातून करा, आणि सांगून नाही, मोजून.

एक पांढरी लाकडी पेटी लागते, चारी बाजूंनी फटी असलेली, स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात तिला, थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने बनवलेली. जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर, मोकळ्या जागेत, भिंतीला चिकटून नाही. त्यात कमाल-किमान थर्मामीटर. रोज एकाच वेळी नोंद. झालं. हे काही रॉकेट नाहीये. पण पहिल्याच आठवड्यात पोरं भांडायला लागतात की आपली पेटी ३६ दाखवते आणि फोनवर ३८ का, आणि त्या भांडणातूनच समजतं की तापमान मोजायचं म्हणजे कशाचं, हवेचं की उन्हाचं, डांबरावरचं की मातीवरचं. एक थर्मामीटर डांबरी रस्त्यावर, एक झाडाखाली, एक पत्र्याच्या खोलीत ठेवून बघा म्हणावं. मग रात्री पण घ्या. दिवसा तापलेलं काँक्रीट रात्री सावकाश निवतं, त्यामुळे दाट वस्तीत रात्रीचा आकडा बाहेरच्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त येतो. ही शहराची स्वतःची उष्णता झाली, हवामान बदल नव्हे, पण अंगाला दोन्ही एकत्रच लागतात. हा फरक आठवीच्या पोराला समजतो हो, त्याला कमी समजू नका.

पावसाचं तर अजून सोपं. सपाट बुडाचं, सरळ बाजूंचं भांडं आणि एक पट्टी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हे समीकरण कळल्यावर आमच्या घरी दोन दिवस तेच चालू होतं, हे छप्पर किती चौरस मीटर, ते किती. २०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पडला तर १०,००० लिटर! हे पाणी तासाभरात पडलं तर गटार घेईल का, आणि तेच आठवडाभर थोडं थोडं पडलं तर? इथे मग ती महत्त्वाची गोष्ट सांगायची की हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो पडण्याची पद्धत बदलू शकते, मोठ्या सरी आणि मध्ये लांब कोरडे दिवस. 'पाऊस कमी झाला की जास्त' एवढाच प्रश्न विचारला तर हे निसटतं. पावसाचे दिवस किती, एका दिवसातला सगळ्यात मोठा पाऊस किती, दोन पावसांमध्ये किती दिवस गेले, असे प्रश्न वहीत पाहिजेत.

आणि ओल्या कापडाचा थर्मामीटर, हा माझा लाडका. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा, वारा घाला, आकडा खाली येतो. का, तर पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आपला घाम तेच करतो. आता हवेत आधीच दमटपणा असला की तो आकडा फार उतरतच नाही. तापमान ४० आणि दमटपणा २० टक्के असेल तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येतो, पण तापमान ३४ आणि दमटपणा ८० टक्के असेल तर ३१ च्या आसपास अडकतो. म्हणजे ३४ चा दिवस शरीराला ४० पेक्षा जड जाऊ शकतो. ओला आकडा ३५ ला गेला तर सावलीत, पंख्याखाली, पाणी पिऊन बसलेल्या धडधाकट माणसाचंही शरीर थंड होऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. खेळाचा तास किती वाजता ठेवायचा हे या एका थर्मामीटरवरून ठरवता येईल. पीटीच्या सरांना दाखवाच.

इथे एक प्रामाणिकपणा मात्र पाळावा लागेल. शाळेच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींनी हवामान बदल सिद्ध होत नाही, होणारच नाही, वर ३० वर्षं म्हटलंय ना. ती नोंद मोजायला शिकण्यासाठी. बदल बघायचा तर जुन्या लांब नोंदी काढा. जवळच्या वेधशाळेची काही दशकांची आकडेवारी मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर जगातल्या आहेतच. मध्य इंग्लंडची तापमानाची नोंद १६५९ पासूनची आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञांनी १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे, आणि त्या आलेखात दरवर्षी करवतीसारखे दाते दिसतात कारण उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की आकडा उतरतो, पानं गळली की चढतो. पोरांना तो आलेख दाखवून नुसतं विचारा, हे दाते कशाचे? बघा कशी कशी उत्तरं येतात.

नोंद ठेवायला यंत्रच लागतं असंही नाही. जपानात सुवा तळं कधी गोठलं ते तिथले पुजारी १४४३ पासून लिहीत आलेत. क्योटोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात, २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. त्या लिहिणाऱ्यांना काय माहीत होतं की आपण डेटा गोळा करतोय. तुमच्या आवारातल्या एका झाडाला पहिलं फूल कधी आलं, अमुक पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, एवढं दरवर्षी एका रजिस्टरमध्ये लिहिलं तरी पुढच्यांना उपयोग आहे.

आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायचा प्रोजेक्ट पण हल्ली बऱ्याच ठिकाणी देतात. चांगलाय, पण अर्धाच सोडतात. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे ऐकून लिहून आणायचं आणि संपलं. माणसाला ठळक गोष्टी लक्षात राहतात, तो मोठा पूर, ती कडाक्याची थंडी, साधी वर्षं विसरली जातात. तर मुलाखत घ्या आणि मग ती जुन्या आकड्यांशी ताडून बघा. कधी आजी बरोबर निघेल, कधी नाही. आमच्याकडे माझ्याच आठवणीची विकेट गेली, मी छातीठोकपणे सांगत होतो ते वर्ष आकड्यांत अगदी मामुली निघालं. मुलगी महिनाभर चिडवत होती.

हल्ली दुसरीकडचं टोकही दिसायला लागलंय, काहीही झालं की क्लायमेट चेंज. रस्त्यावर पाणी तुंबलं, क्लायमेट चेंज. विहीर आटली, क्लायमेट चेंज. कारभाऱ्यांना हे फार सोयीचं आहे बरं का, कोणाला जबाब द्यायला नको. समुद्राची जगभराची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये साधारण २० सेंटिमीटरने वाढली, ते खरंच आहे. पण इंडोनेशियातल्या जकार्तात पाणी शहरात शिरतं त्यात मोठा वाटा जमीन खचण्याचा आहे, कारण खालून भूजल उपसलं, आणि काही भागांत ते खचणं समुद्राच्या चढण्यापेक्षा कितीतरी वेगाने झालंय. दोन्ही एकत्र आल्यावर लोकांच्या घरात पाणी. तेव्हा परिसरातली एक घटना घेऊन पोरांना वाटे पाडायला लावा, यात पावसाचा वाटा काय, नाला बुजवल्याचा काय, उपशाचा काय. अगदी टक्के नाही निघणार, चालेल.

पोस्टर स्पर्धेबद्दल एकच बोलतो. तोंडात थर्मामीटर धरून रडणारी पृथ्वी. प्लीज आता बास. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० मुलामुलींचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, त्यात ५९ टक्के म्हणाले की आम्हाला याची खूप किंवा अतिशय काळजी वाटते. त्यांना अजून घाबरवून काय मिळणार आहे? आणि शेवटी 'आपण नळ बंद करू, झाडे लावू' या दोन ओळी, जणू काही सगळा दोष त्या नळ सोडणाऱ्या पोराचाच. मोठे निर्णय कोण घेतं, वीज कशापासून बनते, बस किती आणि रस्ते कोणासाठी, हे पण बोला की वर्गात. ओझोनची गोष्ट इथे सांगा, तिची खरी जागा ही आहे. शास्त्रज्ञांनी धोका दाखवला, देश एकत्र आले, वायू बंद केले, थर सावरतोय. पोरांना एक तरी गोष्ट अशी कळू दे जिथे मोठी माणसं वेळेत शहाणी झाली.

सिलॅबसवाल्यांसाठी, युनेस्कोने २०२१ मध्ये १०० देशांचे अभ्यासक्रम आराखडे तपासले तर जवळजवळ निम्म्यांमध्ये हवामान बदलाचा उल्लेखच नव्हता. जिथे आहे तिथे तो एका धड्यात कोंबलेला. नवीन विषय काढू नका हो, पोरं आधीच वाकलीत. गणितात सरासरी शिकवताना हे आकडे घ्या, भाषेच्या तासाला मुलाखत लिहू द्या, इतिहासात कोळशाचं इंजिन येतंच. एवढं पुरे.

पेटी बसवायला, रंगवायला आम्ही पालक येऊ. खरी अडचण वेगळीच आहे, सुट्ट्यांची. रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नोंद कोण घेणार? मे महिन्यातच रजिस्टर कोरं राहिलं तर मग ते ठेवण्यात अर्थ नाही. मुलीने वर्गातल्यांची पाळ्यांची यादी करून ठेवलीय, फक्त सुट्टीत गेटची किल्ली कोणाकडे मिळेल तेवढं ठरवून द्या.

आपला,
एक पालक

ता. क. त्या ओझोनच्या उत्तराचे मार्क कापले तरी चालतील. मुलीला विचारलंय. ती म्हणाली, कापा, पण मग सगळ्यांचेच कापा.